आक्का बाजूला बसल्या

खोली भाड्यानं मागायला आलेल्या मुलीला घरमालकीण काय काय विचारील, याची मनाशी तयारी करूनच मी गेले होते. गाव कुठलं, माणसं कुठली, एकटीच राहणार का, स्वयंपाक स्टोव्हवर करणार की चुलीवर. आक्कांनी यातलं काहीच विचारलं नाही. मांडीवरचं सूप बाजूला सारून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुला कावळा कवा शिवतो गं? म्हैन्याच्या सुरवातीला का आखरीला?"

माझ्याबरोबर मी नव्यानं लागले होते त्या शाळेचे हेडमास्तर होते. ते ताबडतोब अंगणातल्या लिंबाकडे तोंड करून उभे राहिले. मी मुरूम गावची. आमच्या घरात आजी, आई, काकू, बहिणी, एवढ्या बायका, पण हा विषय कधी कुणाच्या तोंडून शब्दानं बाहेर पडला नव्हता. आई नुसती डोळ्यांनी खूण करायची आणि आम्ही समजायचो. इथं एक अनोळखी बाई परक्या पुरुषासमोर मला ते विचारत होती. 

"आगं सांग की. मास्तरच्या घरात बाया न्हायत व्हय?"

जमिनीकडे बघत मी कसंबसं "आखरीला" म्हणाले आणि मला खोली मिळाली. भाड्याचं बोलायचं राहूनच गेलं, ते दुसऱ्या दिवशी ठरलं.

भूम तालुक्यातलं ते गाव. आक्का तिथल्या मोठ्या शेतकरी घरातल्या. साठीला आलेल्या, उंच, हाडापेराच्या, सदा मिश्रीचं बोट तोंडात. नवरा तरुणपणीच गेला. मूलबाळ नव्हतं. घरात दीर आणि त्यांची बायको, म्हणजे आक्कांची धाकटी जाऊ. तिला सगळं गाव 'धाकटी'च म्हणायचं, तीही पन्नाशीला टेकली होती तरी. गावाची दूध सोसायटी आक्कांच्या ओसरीत भरायची. रोज सकाळी बायका-माणसं चरव्या घेऊन रांगेनं यायची, सेक्रेटरी दुधात काचेची नळी बुडवून बघायचा आणि आक्का त्याच दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन बघायच्या. दोघांचं कधीही जमायचं नाही आणि शेवटी आक्कांचंच खरं व्हायचं, कारण ओसरी त्यांची होती.

आता तो पहिला प्रश्न. आक्कांच्या घरात विटाळ कडक. बाहेरच्या बाईचा हात दुधाला लागायचा नाही, देवाला नाही, चुलीला नाही. ओसरीच्या एका कोपऱ्यात घोंगडी अंथरलेली असायची, शेजारी वेगळा तांब्या आणि ताटली. बाहेरचं झालं की तीन दिवस तिथं बसायचं आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचं. कोपरा अगदी पायरीला लागून. दूध घालायला येणारा प्रत्येक माणूस त्याच्यावरून जाणार. महिन्याच्या अखेरीला मी त्या घोंगडीवर बसून वह्या तपासायचे आणि माझ्याच वर्गातल्या मुलांचे बाप समोरून "नमस्कार बाई" म्हणत जायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आक्कांना त्यात लाजण्यासारखं काही दिसायचंच नाही. "लपवून ठिवलं की घान व्हतंय. बसलं की समद्यास्नी कळतंय, सुटला परश्न," म्हणायच्या.

दुसरा त्यांचा विक्षिप्तपणा दुखण्याबाबत. दुखणं म्हणजे पाहुणा, असं त्यांचं मत. गुडघा धरला की म्हणायच्या, "गुडघ्यात पाव्हणं आल्यात." आणि पाहुण्याला विचारपूस केली, बसायला टाकलं, चहापाणी केलं की त्याचा मुक्काम वाढतो, म्हणून दुखण्याकडे ढुंकून बघायचं नाही, तोंडानं नाव काढायचं नाही. एकदा धाकटी कंबर धरून उंबऱ्यावर बसली, तर आक्का केवढ्यानं ओरडल्या! "ऊठ! बसलीस की त्योबी बसतोय." धाकटी उठली आणि पिठाच्या डब्याला लागली. ती कुणाला उलट बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. एवढीशी बाई, अंगात रक्त नसल्यासारखी पांढुरकी. एक मात्र तिचं होतं. सकाळ-संध्याकाळ न चुकता घरभर ऊद जाळायची. आक्का कौतुकानं सांगायच्या, "धाकटीला देवाची लई ओढ. तिची पाळी गेली आन् माझ्या देवाचं नशीब उघडलं. घरात एक तरी बाई आता बारा म्हैने सोवळी."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. भाकरीला मिलोची तांबडी ज्वारी, शाळेत सुकडीचा खाऊ, गावातली अर्धी माणसं खडी फोडायला. आक्कांचे दीर जनावरं घेऊन छावणीवर गेले. रांगेतल्या चरव्या कमी होत होत बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या, तरी आक्का रोज सकाळी रिकाम्या कॅनशेजारी नख पुसून बसायच्या. आड कोरडा. टँकर यायचा, आडात पाणी ओतून जायचा आणि त्यावर बायकांची झुंबड उडायची. आमच्या घरचं पाणी धाकटी शेंदायची.

नवरात्रात आक्का तुळजापूरला जाऊन आल्या. आल्यावर त्यांनी देवीला काय मागितलं ते गावभर सांगितलं. त्यांचं मागणंही त्यांच्या आवाजातलंच होतं. "तिला म्हनलं, माझ्या गावाला ओल दे. न्हाय दिलीस तर परत तोंड दावायची न्हाय."

त्यानंतर थंडीत, एका सकाळी मी शाळेला निघाले आणि ओसरीत थबकलेच. कोपऱ्यातल्या घोंगडीवर आक्का बसल्या होत्या.

मला वाटलं, उन्हाला बसल्या असतील. पण शेजारी तो तांब्या होता, ती ताटली होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या हसल्या. "काय बघतीस? परत आली माझी. इतक्या वर्सांनी! आईनं ऐकलं बग. आधी मला ओल दिली, आता जमिनीला दील."

मी बावीस-तेवीस वर्षांची. आमच्या कॉलेजात या गोष्टीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. म्हाताऱ्या बाईला असं होऊ शकतं का, नाही का, मला काही ठाऊक नव्हतं. मला फक्त इतकं कळलं की साठीची बाई, केसांची चांदी झालेली, मुलीसारखी बाजूला बसली आहे आणि त्याचा तिला अभिमान वाटतो आहे. अंगावर शहारा आला माझ्या.

गावाला मात्र शहारा आला नाही. दुष्काळात माणूस कशातही खूण शोधतो. दूध घालायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, चेष्टा केली, आणि मग त्यातल्या दोघी-तिघींनी आक्कांना लांबूनच हात जोडले. महिनाभरानं आक्का परत बसल्या. मग महिन्यातून दोनदा. मग चौथ्या दिवशीची आंघोळ होते न होते तोच पुन्हा घोंगडीवर. उन्हाळ्यात आंघोळीच्या घागरी कमी पडायला लागल्या. धाकटी टँकरच्या झुंबडीत घुसून आक्कांच्या आंघोळीचं पाणी मिळवायची, स्वयंपाक करायची, देव धुवायची, ऊद घालायची. आक्कांचा चेहरा उतरला होता, पण पाहुण्याचं नाव काढायचं नाही हा नियम स्वतःलाही लागू होताच. त्या फक्त म्हणायच्या, "आई लई देती. द्यायला लागली की मोजत न्हाय."

आमच्या गावाला एक नर्सबाई यायची. तिशीच्या आतली, बौद्ध घरातली, सायकलवरून चार गावं करायची. त्या वर्षी तिच्या मागं कुटुंबनियोजनाच्या केसेसचा धोशा होता, त्यामुळं ती दिसली की बायका दारं लावून घ्यायच्या. आक्कांचं दार उघडं असायचं, पण पायरीपर्यंतच. ती पायरीवर बसायची आणि तिच्यासाठी एक कानतुटका कप बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. त्यात धाकटी वरून चहा ओतायची. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझी मान खाली गेली होती. नर्सबाई मात्र चहा प्यायची, कप स्वतः धुऊन कोनाड्यात ठेवायची आणि आपलं काम बोलायची.

वैशाखातली सकाळ होती. नर्सबाई येऊन पायरीवर टेकली. आक्का घोंगडीवर होत्या, म्हणजे दोघींमध्ये हातभराचं अंतर. दूध घालून झालेल्या चार-सहा बायका सावलीला रेंगाळल्या होत्या. नर्सबाईनं विचारलं, "आक्का, तुमच्या शब्दाला मान हाय. एखादी केस द्या की."

आक्का म्हणाल्या, "मलाच घिऊन चल. माझंच कर आपरेशन. म्या परत तरणी झाले!"

ओसरी हास्यानं दणाणली. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मीसुद्धा हसले, त्यांचा आवाजच तसा होता. हसली नाही ती एकटी नर्सबाई. तिनं कप खाली ठेवला.

"म्हंजे काय, आक्का?"

"म्हंजे काय काय? पाळी आली परत. पुसाच्या म्हैन्यापास्नं चालूच हाय."

"आन् आधी जाऊन किती वर्सं झाली व्हती?"

"लई झाली. धा-बारा तरी झाली असतील. का गं?"

नर्सबाई उठली. पायरी चढून वर आली आणि सरळ घोंगडीवर, आक्कांच्या शेजारी बसली. बायकांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्या घरात असं कुणी कधी केलं नव्हतं. आता आक्का काय करतात म्हणून सगळ्या त्यांच्याकडे वळल्या. आक्कांनी तिच्याकडे पाहिलं, घोंगडीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बस. आज म्याबी बाहेरचीच हाय."

नर्सबाईनं त्यांचं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, हळू आवाजात काहीबाही विचारलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आक्का, ही पाळी न्हाय. गेलेली पाळी परत येत नसती. हे दुखणं हाय. गर्भपिशवीचं असंल. बार्शीला जावं लागंल, उशीर करू नका."

आक्का भडकल्या. देवीनं दिलेल्याला दुखणं म्हणते, जीभ झडंल तुझी, चालती हो, असं सगळं झालं. नर्सबाई हलली नाही. आक्कांचा दम संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, मग समोरच्या कॅनकडे बघत म्हणाली, "एक सांगा. तुमची म्हस आटली, वर्सानुवर्सं भाकड राहिली, आन् एक दिवस तिच्या सडातनं रगत यायला लागलं. तर तिला हळदकुंकू लावाल, का डाक्टर बोलवाल?"

आक्कांनी अंगठ्याचं नख डोळ्यांसमोर धरून पाहिलं. मग त्यांनी दाराकडे मान वळवली. "धाकटे, बार्शीची यष्टी किती वाजता हाय गं?"

धाकटी उंबऱ्यात उभी होती. तिनं सांगितलं आणि आत गेली. दुपारी मी पिशवी भरत होते, सुट्टी असल्यामुळं आक्कांबरोबर मीच जाणार होते. धाकटी खोलीच्या दारात आली. चुळबुळत म्हणाली, "बाई, समद्याच बायांचं असं दुखनंच असतंय का वो?" मी म्हणाले, "डॉक्टर सांगतील. आक्कांची काळजी करू नका." ती मान हलवून ऊद घालायला गेली.

बार्शीला डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला बोलावून विचारलं, "इतके महिने घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही?"

सगळ्या गावाच्या लक्षात आलं होतं. बायका लपवतात, म्हणून कळत नाही, हे आपण ऐकतो. इथं दर वेळी अंगावरून जायला लागलं की बाई पायरीशेजारी घोंगडी टाकून बसत होती. सेक्रेटरीनं पाहिलं, हेडमास्तरांनी पाहिलं, मी रोज जाता-येता पाहिलं, बायकांनी हात जोडले. धोक्याची खूण महिनोन्‌महिने चव्हाट्यावर मांडलेली होती आणि ती आम्हाला कुणाला वाचता आली नाही. मी म्हणाले, "सगळ्यांना माहीत होतं."

कॅन्सर होता, पण गर्भपिशवीच्या बाहेर गेलेला नव्हता. पिशवी काढली. डॉक्टरांनी नर्सबाईचं नाव घेऊन सांगितलं, हिनं पाठवलं म्हणून वाचलात.

आक्का परत आल्या त्या वेगळ्याच होऊन. आवाज मात्र तोच. पुढं पाऊस बरा झाला, जनावरं छावणीवरून परतली, चरव्यांची रांग पुन्हा पायरीखालपर्यंत गेली. आणि त्या रांगेत आक्कांचा नवा धंदा सुरू झाला. नखावर थेंब घेता घेता त्या समोरच्या बाईला विचारायच्या, "गेलेली परत आली का? मधीच डाग पडतोय का? नवऱ्यापाशी गेल्यावर रगत जातंय का? पांढरं जातंय त्याला वास मारतोय का? छातीत गाठ लागती का हाताला? एकाएकी वाळलीस कशानं?" रांगेत सासरे, दीर, जावई! माणसं चरव्या ठेवून पळायला लागली. सेक्रेटरी काकुळतीला आला, "आक्का, बापय मान्सं असत्यात वो."

"म्हशीच्या कासंला गाठ आली की तूच इचारतूस न्हवं समद्यांम्होरं? तवा न्हाय लाजलास!"

शेवटी सेक्रेटरीनं पुरुषांची रांग आधी आणि बायकांची नंतर अशी वेळच बदलली. पाहुण्याचं तत्त्वही आक्कांनी उलटं केलं होतं. "दुखनं आलं की पयलं त्याचं नावगाव इचारा. कुठनं आला, कशाला आला. इचारल्याबिगर घरात घिऊ नका." त्यांच्या तोंडाला भिऊन का होईना, बायका नर्सबाईकडे जायला लागल्या.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी असंच चाललं होतं. एक फटकळ म्हातारी म्हणाली, "आक्का, गावाला इचारताय. घरात इचारलं का?"

"धाकटीला? तिची तर कवाच गेली," आक्का हसून म्हणाल्या. आणि सहज मागं वळल्या. धाकटी दारात ऊदाची वाटी घेऊन उभी होती. तिचा चेहरा बघून आक्कांचं हसू मावळलं.

"धाकटे? गेलीच हाय न्हवं?"

धाकटीनं वाटी खाली ठेवली. ऊदाचा धूर तिच्या लुगड्यावरून वर चढत होता. आणि त्या क्षणी, कुणी काही न सांगता, मला तो ऊद कळला. सकाळ-संध्याकाळचा, घरभरचा. देवासाठी नव्हता तो, अंगाचा वास झाकायला होता.

"कवापास्नं?" आक्कांचा आवाज घोगरा झाला होता.

"तुमच्या आधीपास्नं."

"आन् बोलली न्हाईस? म्या म्हैनं म्हैनं हितं बसले, बार्शीला जाऊन आले, गावाला इचारत बसले, आन् तू..."

धाकटी रडली नाही. अगदी साधा हिशेब सांगावा तसं म्हणाली, "दोघी बी बाजूला बसलो असतो तर चूल कोनी बघितली असती, आक्का?"

आक्का उठल्या. दुधाचं माप तसंच टाकलं, रांग तशीच उभी राहिली. त्यांनी धाकटीचा हात धरला. तिनं तो मागं घेतला, "शिवू नगा, दूध हाय," म्हणाली. आक्कांनी तो परत धरला आणि सोडला नाही, पार एसटी स्टँडापर्यंत.

धाकटीचं पिशवीच्या तोंडाशी होतं आणि फार पसरलं होतं. तिला रेडियमचे शेक दिले, घरी पाठवलं. पुढची दिवाळी तिनं पाहिली नाही. शेवटचे दिवस ती चुलीजवळच्या खोलीत होती आणि तिचं सगळं आक्कांनी स्वतःच्या हातानं केलं. ओसरीतली घोंगडी केव्हा गेली कळलं नाही, त्या कोपऱ्यात कॅन ठेवायला लागले. कोनाड्यातला कपही दिसेनासा झाला. नर्सबाई यायची ती सरळ आत, धाकटीच्या उशाशी.

दहावं झाल्यावर बायका भेटायला आल्या. ओसरी भरली होती. मीही होते. एकजण डोळे पुसत म्हणाली, "देवीची मर्जी, आक्का. आपल्या हातात काय असतंय?"

"देवीचं नाव घिऊ नगा." आक्का इतक्या जोरानं म्हणाल्या की बाहेरची माणसं थांबली. "देवीनं काय केलं न्हाय तिचं. माझ्या धाकानं मेली ती. माझ्या इटाळानं मेली. समद्यांम्होरं सांगते."

असलं बोलणं, तेही सुतकाच्या घरी, आणि आक्कांच्या तोंडून. काही बायका उठायला लागल्या. त्यांच्यातली एक, भिंतीशी बसलेली, वाळलेली, मगापासून सारखी पोटाशी हात धरून होती. आक्कांची नजर तिच्यावर गेली. त्या सरकत सरकत तिच्यापाशी गेल्या आणि तिचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुझं कसं हाय?" आयुष्यात पहिल्यांदा आक्का हळू आवाजात बोलत होत्या. "खरं सांग. चुलीचं म्या बघते."